वडिलांना थिएटरात चालत जायचंय

प्रश्न: माझे वडील ६८ वर्षांचे, अजून भातशेती बघतात. पुढच्या आठवड्यात बेळगावात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. ते म्हणतात, "धडधाकट माणूस आडवा होऊन जाणार नाही, मी चालत जाणार." पण तिथं सगळ्यांना ट्रॉलीवरूनच नेतात म्हणे. हट्ट धरावा का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: हट्ट नको, पण विचारा जरूर. आपल्याकडे माणूस चौघांच्या खांद्यावरून आडवा कधी निघतो, हे वडिलांच्या डोक्यात असणारच.

मी थिएटर सिस्टर होते. कितीतरी वर्षं ट्रॉली ढकलली, तेव्हा काही वाटलं नाही. मग माझ्याच पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. चष्मा वॉर्डातच काढून घेतलेला. वर धूसर ट्यूबलाइटी, बाजूला माणसांच्या नाकपुड्या. लिफ्टपाशी दुसऱ्याच कुणाचे पाहुणे माझ्याकडे बघून हळहळायला लागले. चांगली तासाभरापूर्वी अंघोळ करून, चालत येऊन खाटेवर बसलेली बाई मी!

पूर्वी वॉर्डातच पेथिडिन-फेनर्गनचं गुंगीचं इंजेक्शन द्यायचो. पेशंट पेंगायचा, त्याला चालवणार कसं? आता बऱ्याच ऑपरेशनांना ते देत नाहीत. इंजेक्शन गेलं, ट्रॉली राहिली. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं तर २००८ सालच्या मार्गदर्शिकेत सांगितलंय, की जमत असेल त्या पेशंटला चालत जायला प्रोत्साहन द्या. तेही मान राखायला म्हणून नव्हे, अंगातली ऊब टिकावी म्हणून. भुलीत अंग गार पडतं, त्यामुळं तातडी नसेल तर ३६ अंशांच्या खाली तापमान असताना भूल सुरूच करू नये, असं त्यात आहे. थिएटरातला एसी काय असतो ते वडिलांना कळेलच.

आदल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर तपासायला येतात, तेव्हा त्यांनाच विचारा. वॉर्डबॉयशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. गुंगीचं औषध दिलेलं असेल, चक्कर येत असेल, ऑक्सिजन लागत असेल, तर चालणं नाही म्हणजे नाही. शुगरचं औषध चालू असेल तर तेही सांगा, उपाशीपोटी घेरी यायची. मधला मार्ग म्हणजे व्हीलचेअर. निदान माणसांचे चेहरे तरी दिसतात.

चालत जायचं ठरलं तर गाऊनची तेवढी काळजी घ्या. नाड्या पाठीमागे असतात आणि व्हरांडाभर लोक. दुसरा गाऊन मागून कोटासारखा घालायला मागा. चष्मा, कानाचं यंत्र थिएटरच्या दारापर्यंत राहू देतात का, तेही विचारा. दारात नाव आणि ऑपरेशन कुठल्या बाजूचं हे विचारतील. कुणी कानडीत "हेसर एनरी?" (नाव काय?) म्हणालं तर नुसती मान हलवू नये, नाव आणि उजवी-डावी बाजू स्वतःच्या तोंडानं सांगावी.

ऐन वेळी त्यांचे पाय लटपटले तर मात्र टोकू नका. निपाणीच्या एक आजी होत्या, जन्मभर विड्या वळलेल्या. मी चला म्हटलं तर म्हणाल्या, "आज तरी मला कुणीतरी ने की गं." नेलं, सावकाश.

आणि येताना ट्रॉलीच असणार, त्याला इलाज नाही. आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांना आडवं बघून ती दारातच रडायला लागेल.