तांब्याची तार गुंडाळणारी लेक आणि दोन उपग्रह

प्रश्न : मॅडम, आम्ही तासगाव तालुक्यातले. दीड एकर द्राक्षबाग आहे. मुलगी सांगलीत इंजिनिअरिंगला आहे, इलेक्ट्रॉनिक्स, दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी सीजीपीए ८.६ होता, आता ७.३ वर आलाय. कारण एकच, कॉलेजातली उपग्रह बनवणारी टीम. दोन छोटे उपग्रह एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून फिरवायचे आहेत म्हणे. तू तिथं नक्की काय करतेस असं विचारलं, तर तांब्याची तार गुंडाळतानाचा फोटो पाठवला. हे काम आमच्या गावातला मोटर रिवायंडिंगवालाही करतो! रात्री दहा-दहापर्यंत लॅबमध्ये असते. टीमनं प्रत्येकी पाच हजार रुपये मागितलेत. उपग्रह कधी उडणार म्हटलं की विषय बदलते. शेजारच्या मुलानं पुण्यात जावाचा कोर्स केला, त्याला नोकरी लागलीसुद्धा. हिला टीम सोडायला सांगू का?
– एक वडील

उत्तर :

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या तांब्याच्या तारेपाशी थांबले. ती ओळ तुम्ही वैतागून लिहिली आहे हे कळतंय, पण मला तीच सगळ्यात आशेची वाटली. आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. हातातलं काम पुरं होईपर्यंत तिला टीम सोडायला लावू नका. पाच हजार मात्र लगेच देऊ नका. आणि सीजीपीएची तुमची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही.

ती टीम काय करू पाहतेय ते आधी बघू, कारण घरात कुणी ते तुम्हाला नीट सांगितलेलं दिसत नाही. सांगली-मिरज रस्त्यावर पुढच्या मोटरसायकलला गाठायचं तर तुम्ही ॲक्सिलेटर पिळता. पृथ्वीभोवती कारभार उलटा आहे. तिथं मागच्या उपग्रहानं पुढं जायला जोर लावला, तर तो वरच्या कक्षेत चढतो, फेरीला जास्त वेळ घेतो आणि आणखी मागं पडतो. गाठायचं असेल तर आधी ब्रेक लावायचा, थोडं खाली उतरायचं. खालची कक्षा लहान आणि वेगवान, म्हणून तो पुढं सरकतो.

आता आकडे बघा. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर उपग्रह सेकंदाला साधारण ७.६ किलोमीटर धावतो आणि दीड तासाच्या आसपास एक फेरी पुरी करतो, म्हणजे दिवसाला पंधरा. दोघांच्या कक्षेत फक्त १० मीटर उंचीचा फरक राहिला, तुमच्या बागेतल्या तीन-चार ओळींएवढा, तर वरचा उपग्रह दर फेरीला सुमारे ९४ मीटर मागं पडतो. दिवसाअखेर १,४०० मीटर. महिनाभर कुणी लक्ष दिलं नाही तर जोडी मोडलीच.

हे फक्त पोरांनाच जड जातं असं नाही. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतले दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ ला सुटले. त्यांना जोडायची तारीख पुढं ढकलावी लागली, कारण जवळ आणताना ते अपेक्षेपेक्षा जास्त सरकत होते. अखेर १६ जानेवारी २०२५ ला ते जुळले. त्याच डिसेंबरात आपल्याच श्रीहरिकोटाहून युरोपचे प्रोबा-३ हे दोन उपग्रह गेले. ते सुमारे दीडशे मीटर अंतर मिलिमीटरच्या हिशेबात राखतात. एकानं सूर्य झाकायचा आणि दुसऱ्यानं त्याच्या सावलीत राहून सूर्याभोवतीची प्रभा टिपायची. आणि टोरंटो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बनलेली कॅनएक्स-४ आणि कॅनएक्स-५ ही जोडी, तीही २०१४ साली आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटवरून गेली. रॉकेटमधून सुटल्यावर हे दोघे एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर वाहवत गेले होते. त्यांना परत जवळ आणून शेवटी ५० मीटरवर धरून दाखवलं.

या मोहिमांना इंजिन होतं. विद्यार्थ्यांच्या छोट्या डब्यांत बहुधा ते नसतंच. मग अंतर राखायचं कसं?

इथं तुमच्या लेकीची तार येते. इतक्या उंचीवरही हवेचा अगदी विरळ थर असतो. उपग्रहानं रुंद बाजू समोर धरली की हवा जास्त अडते, अरुंद बाजू धरली की कमी. एकाला आडवं आणि दुसऱ्याला उभं धरलं की दोघांतलं अंतर इंधनाशिवाय हळूहळू बदलता येतं. पण त्यासाठी उपग्रह वळवता आला पाहिजे. तो वळवायचा सगळ्यात साधा मार्ग म्हणजे तारेचं वेटोळं. त्यातून वीज सोडली की वेटोळं चुंबक होतं, आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला होकायंत्राच्या सुईसारखं फिरवू बघतं. या वेटोळ्याला मॅग्नेटॉर्कर म्हणतात. त्याचा जोर मुंगीएवढा, पण वर अडवणारं दुसरं काही नसल्यामुळे तो पुरतो. त्यात एक खोडही आहे. क्षेत्राच्या रेषेभोवती ते उपग्रहाला फिरवू शकत नाही, म्हणून कोणत्या क्षणी कोणत्या वेटोळ्यात किती वीज सोडायची याचं गणित सतत करत राहावं लागतं.

तर दादा, ती तार गुंडाळते म्हणजे दोन उपग्रहांमधलं अंतर राखायचं हँडल बनवते. गावातला रिवायंडिंगवाला आणि ती, दोघांचं काम एकाच विद्येतलं आहे. फरक इतकाच की वेढे किती, तारेचं गेज कोणतं, वजन किती, बॅटरीतून वीज किती खाणार, हे तिला आधी कागदावर काढावं लागतं आणि मग मोजून दाखवावं लागतं. तिनं ते काढलंय का, हा खरा प्रश्न आहे. रविवारी ती घरी आली की चहा घेताना सहज विचारा: इतकेच वेढे का? कागदावर किती जोर आला आणि मोजल्यावर किती भरला? दोन्हींत फरक का पडला? ती वही उघडून पंधरा मिनिटं बोलली, तर तुमची पोरगी योग्य जागी आहे असं समजा. ‘सीनियरनी सांगितलं म्हणून’ एवढंच उत्तर आलं, तर तिचे हात तेवढे वापरले जातायत, आणि मग तुमची तक्रार रास्त आहे.

उपग्रह कधी उडणार याचं उत्तर ती देत नाही, कारण ते तिच्याकडे नाही. माझ्याकडे आहे, पण तुम्हाला आवडणार नाही. बहुधा तिचं बी.टेक. होईपर्यंत उडणार नाही. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी ‘स्वयम्’चं काम २००८ मध्ये सुरू केलं आणि तो एक किलोच्या आसपासचा उपग्रह २२ जून २०१६ ला गेला. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ २००७ ला सुरू झाला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये उडाला. ज्यांनी सुरू केलं ते केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडले होते. आणि हे एकेकटे उपग्रह होते. हिची टीम दोन म्हणतेय! अमेरिकेत तीन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी मिळून तीन छोट्या उपग्रहांचा ताफा करायला घेतला होता. प्रत्यक्षात दोनच रॉकेटवर चढले, आणि डिसेंबर २००४ मध्ये ते नवं रॉकेट कमी पडल्यामुळे कक्षेत न टिकता गेले. कैक वर्षांचं काम एका दिवसात संपलं.

म्हणून उड्डाणावर हिशेब मांडू नका. ‘प्रथम’ सुरू करणाऱ्यांतले सप्तर्षी बंद्योपाध्याय पुढे इलिनॉय विद्यापीठात गेले. छोट्या उपग्रहांचे थवे एकत्र कसे चालवायचे यावर त्यांनी पीएचडी केली आणि ते नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबमध्ये लागले. ‘प्रथम’ अवकाशात गेला तोवर त्यांचं पुढचं शिक्षण झालेलं होतं. प्रत्येक पोर तिथंवर जाईल असं मी म्हणत नाही. पण तुम्ही बागाईतदार आहात. एप्रिलची खरड छाटणी करून कोणी दुसऱ्या दिवशी घड मोजायला जात नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक इथं सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी अशाच एका टीममधल्या मुलाला मी तिसऱ्या वर्षी बाहेर पडायला लावलं, गेटच्या, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासासाठी. त्यानं ऐकलं. गेटचे गुण जेमतेम पडले. पुढे मुलाखतीत बायोडेटावरची त्या टीमची ओळ बघून त्याला विचारलं, उपग्रहाचा सर्किट बोर्ड कुणी बनवला? ‘मी.’ चालला का? ‘माहीत नाही, तोवर मी सोडलं होतं.’ त्यानं फोनवर हे सांगितलं तेव्हा मला बोलायला शब्द सुचले नाहीत. तेव्हापासून मी कुणालाही अर्ध्यावरून उठवत नाही. तिचं वेटोळं बनू दे, टेबलावर चालू दे, त्याचा अहवाल तिच्या नावानं होऊ दे. मग राहायचं की निघायचं ते तिनं ठरवावं. निघायचं ठरवलं तर ज्युनिअरला सगळं समजावून, कागद सोपवून निघावं.

आता ७.३ चं बघू. इस्रोच्या सायंटिस्ट-इंजिनिअर भरतीच्या जाहिरातींत बी.टेक.ला किमान ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ सीजीपीए मागतात. ती रेषेच्या वर आहे, पण घसरण अशीच राहिली तर वर्षभरात खाली जाईल, आणि मग कितीही सुंदर वेटोळं दाखवलं तरी अर्जच पुढं सरकणार नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांचीही पहिली चाळणी गुणांचीच असते. तिच्याशी एक साधा करार करा. ७.३ च्या खाली गेलीस तर परीक्षेच्या आधीचा महिना लॅब बंद. आणि गुण कोणत्या विषयांत गेले ते बघा. सिग्नल्स आणि कंट्रोल सिस्टिम्स या विषयांत पडले असतील तर मला जास्त काळजी वाटेल, कारण उपग्रह वळवायचं गणित तिथंच शिकवतात. वर्गात तो विषय सोडून लॅबमध्ये तेच करू पाहणं म्हणजे उलटा प्रवास आहे. इतर विषयांत गेले असतील तर भरून निघतील.

पाच हजारांबद्दल मी जरा कडक आहे. पैसे कशासाठी, कॉलेजचा वाटा किती, पावती कोण देणार, हे टीमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांकडून लेखी घ्या. सरळ काम असेल तर कुणाला राग यायचं कारण नाही. टी-शर्ट आणि स्पर्धेच्या प्रवासासाठी मागत असतील तर नाही म्हणायला लाजू नका. वस्तूंसाठी असतील तर देऊन टाका. रात्रीचंही त्याच प्राध्यापकांशी बोला. लॅब किती वाजता बंद, सोबत कोण, होस्टेलपर्यंत कोण सोडतं. मुलग्यांनाही हाच नियम असावा असं त्यांना सांगा, नाहीतर मुलींनाच घरी पाठवून कामं मुलगे करतात, हे मी पाहिलेलं आहे.

शेजारच्या मुलाचं मनापासून अभिनंदन. त्याला नोकरी लागली यात काही कमी नाही. पण तुमच्या लेकीला तोच कोर्स लावायची घाई करू नका. उपग्रहातले बोर्ड एकमेकांशी बोलायला बऱ्याचदा ‘कॅन बस’ वापरतात. तुमच्या गावात कुणाकडे नवी मोटार असेल तर तिच्यातही तीच आहे. पुण्याच्या वाहन उद्योगाला ती हाताळता येणारी, सी भाषेत मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्रातली छोटी संगणक-चिप, चालवणारी पोरं लागतात. म्हणजे अवकाशात काही जमलं नाही तरी जमिनीवर पोटाची सोय आहे. अवकाशातच राहायचं असेल तर इस्रो एवढाच दरवाजा आता नाही. बंगळूरला पिक्सेल, हैदराबादला ध्रुव स्पेस अशा कंपन्या स्वतः उपग्रह बनवतात. गेट देऊन एम.टेक. हाही रस्ता आहे, पण त्याचं तिसऱ्या वर्षी बघू. अमेरिकेचं स्वप्न कुणी दाखवलं तर एवढं लक्षात असू द्या, की तिथल्या अवकाश कंपन्यांत निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यांमुळे परदेशी नागरिकाला शिरकाव फार अवघड असतो. कर्ज काढायच्या आधी ही गोष्ट कुणी सांगत नाही.

एक काम तुमच्याकडे. ती रविवारी येईल तेव्हा तिला गावातल्या त्या रिवायंडिंगवाल्याकडे घेऊन जा. चेष्टा करत नाहीये. वेढ्याला वेढा चिकटून कसा बसवायचा, तार कुठं खरवडते, आतला शॉर्ट कसा शोधायचा, हे त्याच्याइतकं त्या टीममध्ये कुणाला येत नसेल. फक्त त्याचं व्हार्निश आणू नका. निर्वातात असलं साहित्य वाफ सोडतं आणि ती वाफ कॅमेऱ्याच्या भिंगावर, सौरपट्ट्यांवर जाऊन बसते. म्हणून वर न्यायचं साहित्य तापवून, निर्वातात ठेवून तपासतात. वजनात एक टक्क्याहून जास्त घट आली तर ते बाद. वेढे चिकटवायला तिनं काय निवडलंय, ते तेवढं मला कळवा.