जंगल बघायचंय पण आजींना चालवत नाही

प्रश्न: नमस्कार, आम्ही डोंबिवलीला राहतो. सासूबाई ६९ वर्षांच्या, गुडघे दुखतात, मुलगा ६ वर्षांचा, एका जागी बसत नाही. सुट्टीत एक दिवस झाडंबिडं बघायला मुंबईत जायचंय. मिस्टर म्हणतात बोरिवलीचं नॅशनल पार्क, मला वाटतं दोघांना झेपणार नाही. काय करू?

उत्तर: ताई, तुमचं बरोबर आहे. नॅशनल पार्क १०० चौरस किलोमीटरपेक्षा मोठं आहे, गेटपासून कान्हेरी चांगलीच लांब आणि लेण्यांना पायऱ्याच पायऱ्या. मी माझ्या आईला भर दुपारी नेलं होतं, अर्ध्यात बसावं लागलं तिला, लेणी राहिलीच आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं. तिथे मिस्टरांनी मुलाला वेगळं न्यावं, पहाटे निघून, सोमवार सोडून.

आजी बरोबर असतील तर राणीची बाग. फास्ट लोकलने भायखळा, पूर्वेला उतरायचं, चालत जाण्यासारखं आहे पण आजींसाठी सरळ टॅक्सी करा. बुधवारी बंद असते आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, हे लक्षात ठेवा. सगळे धावत पेंग्विनकडे जातात, तुम्हीही जा, पोरगं ऐकणार नाहीच, पण ही बाग १८६२ ची आहे आणि तिचं खरं वैभव म्हणजे झाडं. गोरखचिंचेचं खोड बघा, मुलाला म्हणावं मार मिठी, हात पुरतात का बघ. कैलासपती शोधा, त्याची फुलं फांदीला नाही, खोडालाच लागतात, खाली पडलेलं एखादं उचलून आजींच्या हातात द्या, आत नागाचा फणा वाकलेला दिसतो आणि त्याच्याखाली छोटीशी पिंड, वास तर असा की हाताला बराच वेळ राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर उर्वशीही फुललेली मिळेल, लाल फुलांचे घोस झुंबरासारखे लोंबतात, मूळची म्यानमारची.

दमलात की शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आवारात दगडी हत्ती आहे, घारापुरीचा, ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव पडलं तोच. मुलाला गोष्ट सांगायला आजींना विषय मिळेल.

आणि एका दिवसात दोन ठिकाणं करू नका प्लीज. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पुढच्या वेळी ठेवा, पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकायचे आणि आज तिथे फुलपाखरं आहेत, मुलाला हे नक्की सांगा.

प्रश्न: फ्लेमिंगो बघायला ऐरोलीला कधी जावं? मागे गेलो तेव्हा बोटच सुटली नाही.

उत्तर: हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत. पण दादा, तिथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. पाणी पुरेसं नसेल तर बोट चालत नाही, म्हणून वेळ रोज बदलते, आधी फोन करून विचारा आणि बुकिंग करूनच निघा. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, तेव्हा पक्षी उडावेत म्हणून टाळ्या, शिट्ट्या अजिबात नको. ते चिखलात मान खाली घालून खात असतात, त्यांना खाऊ द्या, दुर्बीण असेल तर न्या, त्यात ती वाकडी चोच मस्त दिसते.