गालापागोसची बोट ठरवताना

गालापागोस म्हणजे इक्वाडोरची प्रशांत महासागरातली बेटं. ती बोटीवर राहून फिरायची असतील, तर केबिन केवढी, जेवणात काय, हे नंतर. आधी मार्ग विचारा. तिथल्या नियमानुसार बोटीला एकाच ठिकाणी पंधरवड्याच्या आत पुन्हा जाता येत नाही, म्हणून एकाच बोटीच्या लागोपाठच्या दोन आठवड्यांच्या फेऱ्या वेगळ्या असतात. न उडणारा पाणकावळा बघायचाय? मग पश्चिमेच्या इसाबेला-फर्नांडिना बेटांची फेरी. जगात तो दुसरीकडे कुठेच नाही. लाल पायांच्या बूबी या समुद्रपक्ष्यासाठी उत्तरेचं हेनोवेसा बेट. अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी हवा तर एस्पान्योला बेट, तेही एप्रिल ते डिसेंबर. आठवड्यात सगळं बसवायचा हट्ट सोडा.

मी १६ जणांचीच बोट घेईन. एका गाइडमागे जास्तीत जास्त १६ माणसं असा नियम आहे, त्यामुळे अख्खी बोट एकदमच किनाऱ्यावर उतरते. अर्थात लहान बोट हलते, ऑगस्ट-सप्टेंबरात तर फारच. खालच्या डेकवरची, मधली केबिन मागा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आणा आणि बोट सुटण्याआधीच घ्या. पोट ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

महागडी झूम लेन्स नसली तरी चालेल. प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं असतं, पण सी लायनच्या (सीलसारख्या समुद्री प्राण्याच्या) पिल्लाला ते कोण सांगणार? ते जवळ आलं तर तुम्हीच मागे सरका.