फोटो आणि लेखन ऑनलाइन टाकताय? आधी एवढं करा

गडकिल्ल्यांचे फोटो किंवा कविता ऑनलाइन टाकायच्या आहेत, पण कुणी चोरेल अशी भीती वाटते? त्या भीतीने टाकणं थांबवू नका. सुरुवातीला इतकंच पाळा:

१. मूळ फाइल कुणालाही देऊ नका. फोटोची लांब बाजू १२०० पिक्सेल करून टाका. स्क्रीनवर छान दिसतो, मोठ्या छपाईला पुरत नाही. कॅमेऱ्यातली मूळ प्रत हाच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा, म्हणून ती दोन ठिकाणी जपा.

२. फोटोवर तुमचं नाव कोपऱ्यात नको, तिथून ते सहज कापलं जातं. फोटोत दिसणाऱ्या तटबंदीच्या दगडांवर, फिकट पण वाचता येईल असं टाका.

३. कविता असेल तर नाव शेवटी एकटं सोडू नका. व्हॉट्सॲपवर फिरताना नेमकी तीच ओळ गळते आणि खाली 'कवी अज्ञात' येतं. शीर्षकालाच नाव जोडा.

नवे लोक हमखास दोन चुका करतात. आपल्या साइटवर राइट-क्लिक (त्यातून फोटो उतरवून घेता येतो) बंद करून निर्धास्त होतात; स्क्रीनशॉट कोण अडवणार? आणि नोंदणी नाही म्हणजे हक्क नाही, असं धरून चालतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार निर्मितीबरोबरच हक्क मिळतो, नोंदणी ऐच्छिक आहे.

चोरी दिसली तर भांडणाआधी लिंकसकट, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मग त्या साइटकडे तक्रार करा. नोटीस-वकील पुढचं पुढे.