चित्रकला शिकायची आहे. कुठे, कशी आणि किती तास?

बारावीचा निकाल लागला की चित्रकलेच्या शिक्षणाबद्दलचे प्रश्न वाढतात. यंदा विद्यार्थ्यांपेक्षा पालकांची आणि चाळिशी ओलांडलेल्यांची पत्रे जास्त आहेत. त्यांतली निवडक घेतो.

प्रश्न : मी बारावी कॉमर्स. शाळेत इंटरमिजिएटपर्यंतच्या ग्रेड परीक्षा दिल्या, त्यानंतर पेन्सिल हातात घेतली नाही. फाइन आर्टला जाता येईल का? पेंटिंग घ्यावे की अप्लाइड? (डिचोली)

जाता येईल. पणजीला आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे, 1972 साली सुरू झालेले आणि गोवा विद्यापीठाशी संलग्न. तिथला बीएफए, म्हणजे फाइन आर्टची पदवी, चार वर्षांची. बारावीला सायन्स होते की कॉमर्स, याने फारसे बिघडत नाही. प्रवेशाच्या कलाक्षमता चाचणीत तुझा हात दिसतो. तारखा आणि अटी मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघ. गेल्या वर्षीच्या मित्राच्या भरवशावर राहू नकोस.

ग्रेड परीक्षेतली वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र आठवतात ना? तीच पुन्हा काढायला घे. घरातला तांब्या, समई, अर्धा सोललेला नारळ आणि एक तवशे (मोठी काकडी) ओसरीवर मांड आणि एकाच बाजूने उजेड येईल असे बस. आधी एकूण आकार, मग वस्तूंमधल्या रिकाम्या जागांचे आकार, सर्वांत शेवटी छटा. नव्या मुलांची घाई छटा देण्यात असते. तांब्याचा काठ तिरपा गेलेला असला तर वर कितीही चकाकी आणली तरी तांब्या कलंडलेलाच दिसतो. स्मरणचित्रासाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पुरेसा आहे. अर्धा तास नुसता बघ, घरी येऊन काढ आणि पुढच्या शुक्रवारी तिथे जाऊन काय चुकले ते पडताळ.

पेंटिंग की अप्लाइड, हे आवडीइतकेच स्वभावावरही ठरते. अप्लाइड म्हणजे उपयोजित कला. तिथे अक्षररचना, इलस्ट्रेशन, जाहिरात, पॅकेजिंग शिकवतात आणि काम दुसऱ्याच्या गरजेसाठी, दुसऱ्याने दिलेल्या मुदतीत करायचे असते. पेंटिंगमध्ये प्रश्नही तूच घालायचा आणि उत्तरही तूच शोधायचे. काही मुलांना ते मोकळेपण झेपत नाही. नोकरीच्या भीतीने अप्लाइड घेऊन चार वर्षे कुढत बसलेली मुले मी पाहिली आहेत. पेंटिंग घेऊन वाट पाहत बसलेलीही पाहिली आहेत.

प्रश्न : वय 46, गृहिणी. रांगोळी चांगली येते. आठवड्यातून दोन संध्याकाळी चित्रकला शिकायची आहे. जवळपास तीन क्लास आहेत. कोणता निवडू? (फोंडा)

फी विचारण्याआधी प्रत्येक क्लासमध्ये अर्धा तास बसू देतात का ते विचारा. बसल्यावर बघा की समोर खरी वस्तू मांडली आहे की भिंतीवर फोटो लावून सगळे जण त्याचीच नक्कल करताहेत. फोटोवरून काढायला हरकत नाही, पण ते नंतर. फोटोने तिन्ही मिती आधीच सपाट करून ठेवलेल्या असतात. तुम्हाला शिकायचे आहे ते नेमके हेच, की समोरची खोली कागदावर कशी उतरवायची.

दुसरे, शिक्षक तुमच्या कागदावर स्वतःच रेघ ओढून चित्र 'सुधारून' देतात का? तसे असेल तर महिन्याभरात घरी दाखवायला सुंदर चित्र तयार होईल आणि ते अर्धे सरांचे असेल. चांगला शिक्षक बाजूला वेगळ्या कागदावर काढून दाखवतो, नाहीतर नुसते विचारतो, "या दोन वस्तूंत जास्त काळोख कुठे आहे?"

तिसरे, आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांची चित्रे भिंतीला टेकवून त्यांवर बोलतात का? दुसऱ्याच्या चित्रातली चूक आपल्याला आधी दिसते. ती पाहता पाहता डोळा तयार होतो आणि मग स्वतःचीही दिसू लागते. या तिन्हींत जो क्लास बसेल तो घ्या, भले तो घरापासून थोडा लांब का असेना.

रांगोळीने तुम्हाला समतोल, पुनरावृत्ती आणि हाताची ठाम रेघ दिली आहे. संकल्पचित्रात त्याचा उपयोग होईल. वस्तुचित्रात मात्र हीच सवय आडवी येईल, कारण हात प्रत्येक आकाराला बंदिस्त बाह्यरेषा द्यायला बघेल. वस्तूला अशी रेघ नसते. एका छटेशेजारी दुसरी छटा येते तिथे आपल्याला कड दिसते. पहिले दोन महिने कोळशाने काम करा, बारीक रेघेचा मोह आपोआप सुटेल.

सामान थोडेच घ्या. एचबी, 2बी आणि 6बी पेन्सिल, कोळशाच्या कांड्या, साधे कार्ट्रिज कागद. रंग घ्याल तेव्हा चोवीस रंगांचा डबा नको. दोन पिवळे, दोन तांबडे, दोन निळे आणि एक मातकट तपकिरी एवढ्यावर वर्षभर शिकता येते. कागदावर मात्र कंजुषी करू नका, जलरंगासाठी 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, घ्या. पातळ कागद पाणी पडताच फुगतो, आणि माणसाला वाटते आपल्यालाच येत नाही.

प्रश्न : माझी बहीण कॅलिफोर्नियात स्थायिक आहे. भाच्याला ड्रॉइंग आणि डिझाइन शिकायचे आहे आणि तो कम्युनिटी कॉलेजात जायचे म्हणतो. बहिणीला ते कमी दर्जाचे वाटते. (म्हापसा)

बहिणीची काळजी समजते, पण ती तिथल्या व्यवस्थेला लागू नाही. कॅलिफोर्नियात अशी 116 सरकारी महाविद्यालये आहेत. तिथे अभ्यासक्रम युनिटांत मोजतात आणि राज्यातल्या रहिवाशांना फी युनिटमागे 46 डॉलर पडते. साधारण 60 युनिटांत दोन वर्षांची असोसिएट पदवी होते आणि नंतर चार वर्षांच्या विद्यापीठात वरच्या वर्गात प्रवेश घेता येतो. कोणते युनिट कुठे धरले जाते हे 'असिस्ट' नावाच्या राज्याच्या संकेतस्थळावर दिसते. भाच्याने ते पहिल्या सत्राआधीच बघावे, दोन वर्षे संपल्यावर बघून उपयोग नाही.

चित्रकलेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच. तिथे तीन युनिटांचा स्टुडिओ विषय असला की आठवड्याला साधारण सहा तास वर्गात उभे राहून काम करावे लागते. ड्रॉइंग, द्विमित डिझाइन, रंगविचार आणि जिवंत मॉडेलवरून मानवाकृती, हा पाया घालूनच पुढचे विषय येतात. शेजारच्या ईझलवर साठीतली निवृत्त बाईही उभी असेल, तिच्याकडून तो पुष्कळ शिकेल. आपल्याकडेही यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2013-14 मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. तिचा भर रोजगाराच्या कौशल्यांवर होता. त्यामुळे ऐकून माहीत असलेल्या नावावरून भाच्याच्या कॉलेजची कल्पना करू नका.

प्रश्न : व्यंगचित्रकार मारियो मिरांडा कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेले होते? मग मुलीला चार वर्षे तिथे कशाला घालवू द्यायची? (मडगाव)

मारियो आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत, खरे आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये त्यांनी इतिहास घेतला. पण लहानपणापासून ते चित्रमय रोजनिशा भरत होते आणि पुढे जाहिरात संस्थेत त्यांनी चार वर्षे काढली. शिक्षण झाले, फक्त प्रमाणपत्र मिळाले नाही. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांना 1945 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकले, हे किस्सा म्हणून सगळे सांगतात; काढण्याआधी ते तिथे शिकत होते, हे कोणी सांगत नाही. आणि मडगावचेच चित्रकार लक्ष्मण पै जे. जे.त शिकले, पॅरिसला राहिले आणि 1977 ते 1987 या काळात आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुलगी रोज स्वतःहून वह्या भरते का? भरत असेल तर कॉलेज तिला वेळ, जागा आणि टीका देईल. भरत नसेल तर चार वर्षांनीही भरणार नाही.

प्रश्न : दरवर्षी दिवाळीत आमच्या वाड्याचा नरकासुराचा पुतळा मीच उभा करतो, चवथीला मखरही. मला डिझाइन शिकायचे आहे, पण फक्त कॉम्प्युटर कोर्सच दिसतात. (माशेल)

सॉफ्टवेअर महिन्याभरात येते, त्याची चिंता नको. बांबूचा सांगाडा, कागदाची सालपटे, वजन कुठे झुकेल याचा अंदाज, पोरांकडून काम करवून घेणे आणि रात्री बारापर्यंत उभा राहायलाच हवा ही मुदत, हे सगळे डिझाइनच आहे. फक्त लिहून ठेवलेले नाही. पुढच्या वेळी सुरुवातीची रेखाटने, मोजमापे आणि फसलेले सांधे यांचे फोटो तारखेसह जपून ठेव. त्यातून पोर्टफोलिओ तयार होईल. डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई 2015 पासून घेत असलेली यूसीड ही प्रवेश परीक्षा आणि एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) प्रवेश परीक्षा बघ. दोन्हींत हाताने काढावे लागते.

शिवाय गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवरची कावी कला वहीत उतरव. चुन्याच्या पांढऱ्या थरावर तांबडी काव चढवायची आणि ती ओली असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, अशी ती पद्धत. दोनच रंग, पुसायची सोय नाही. आकार आणि मोकळी जागा यांचा याहून कडक अभ्यास मला तरी माहीत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात चित्रांवर बुरशी येते. काय करावे? (काणकोण)

आर्द्रता 65-70 टक्क्यांपुढे टिकून राहिली की कागदावरच्या खळीवर बुरशी धरते, आणि आपल्याकडे जूनपासून ती त्याहून वरच असते. चित्रे बाहेरच्या भिंतीला लावू नका. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळेल. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळलेले चित्र सर्वांत आधी खराब होते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर त्या अधूनमधून तापवून कोरड्या करा. आणि जुलैत जलरंग बंद ठेवण्याचे कारण नाही. कागद लवकर सुकत नाही, म्हणून ओल्यावर ओला रंग सोडायचा सराव याच दिवसांत करावा.