वाचक विचारतात: मुलीकडे अमेरिकेत स्वेटर, मुलाकडे जर्मनीत पंखाही नाही

यावेळी उकाड्यावरचीच पत्रं जास्त आलीत आणि त्यातली निम्मी एसीबद्दल, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही दोघं नाशिकला गंगापूर रोडला राहतो. मागच्या उन्हाळ्यात आधी मुलीकडे ह्यूस्टनला आणि तिथून मुलाकडे स्टुटगार्टला गेलो होतो. मुलीकडे घरात इतकं गार की मी स्वेटर मोजे घालून बसायचे, बाहेर पाऊल टाकलं की घामाच्या धारा. मुलाकडे पोचलो तर बाहेर 35 डिग्री आणि घरात एसी सोडा, छताला पंखा पण नाही. ह्यांना गरगरायला लागलं. मुलगा म्हणतो इथे कोणी लावत नाही, पर्यावरणाला वाईट असतं. मुलगी म्हणते युरोपवाले उगाच हाल करून घेतात. फोनवर दोघांची चांगलीच जुंपली. खरं कोणाचं?
— एक आजी, गंगापूर रोड

उत्तर: आजी, दोघंही आपापल्या गावाचं हवामान दुसऱ्याच्या गावाला लावतायत, आधी तेवढं बाजूला करू. ह्यूस्टन जवळपास आपल्या दिल्लीच्या अक्षांशावर आहे, त्यात समुद्र जवळ, म्हणजे उन्हाळाभर मुंबईसारखी चिकचिक. स्टुटगार्ट खूप वर, 48 अंशांच्याही पुढे, तिथे जुलैतली दुपार सरासरी 25 डिग्रीच्या आसपास असते आणि खरा त्रास वर्षातले थोडेच दिवस. तिथल्या माणसाने पिढ्यानपिढ्या पैसा घातला तो घर गरम ठेवण्यावर, आणि ते बरोबरच होतं.

दुसरी गोष्ट घराची, आणि मला वाटतं खरं उत्तर तिथेच आहे. अमेरिकेत बरीच घरं लाकडी सांगाड्याची, आणि हिवाळ्यात भट्टीची गरम हवा पत्र्याच्या नळ्यांमधून खोल्याखोल्यांत सोडायची पद्धत आधीपासून होती. नळ्या तयारच, त्यात गार हवा सोडली की झाला सेंट्रल एसी. जर्मनी-फ्रान्समध्ये गरम पाण्याचे रेडिएटर, म्हणजे भिंतीत नळ्या पाण्याच्या, हवेच्या नाहीतच. भिंती दगडविटांच्या जाड, त्यात भोक पाडायचं तर घरमालकाला विचारा, सोसायटीची मीटिंग, आणि जुन्या शहरात इमारतीच्या दर्शनी बाजूला युनिट टांगायला पालिकेची परवानगी. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हात तर घरात फिक्स एसी बसवायलाच परवाना लागतो. वर जर्मनीत घरगुती वीज अमेरिकेच्या दुपटीहून महाग.

खिडकीचं पण बघा. न्यूयॉर्कमध्ये खिडकीची काच वर सरकते, खाली विंडो एसी ठेवला, काच टेकवली, काम झालं. तुमच्या मुलाकडची खिडकी बहुतेक आतल्या बाजूला उघडत असणार, किंवा हँडल फिरवलं की वरून नुसती तिरकी होत असणार, त्यात विंडो एसी बसणार कुठे? मग लोक चाकांचा पोर्टेबल एसी आणतात, त्याची जाड नळी त्या तिरक्या फटीतून बाहेर काढतात आणि उरलेल्या फटीला कापड लावतात. तो एसी खोलीतलीच हवा बाहेर फेकतो, तेवढीच गरम हवा दाराखालून फटींतून परत आत येते, म्हणजे मशिन गरगरतंय, बिल चढतंय आणि खोली जेमतेम गार. हे बघून तिथल्या माणसाचं मत झालं की एसी म्हणजे आवाज करणारी फालतू वस्तू, तर त्याला तरी काय बोलणार!

म्हणून आकडे असे दिसतात: अमेरिकेत 10 पैकी जवळजवळ 9 घरांत एसी, युरोपात साधारण पाचातल्या एका घरात. पण युरोप म्हणजे एक देश नाही, इटलीत निम्म्याच्या आसपास घरांत आहे, जर्मनी-इंग्लंडमध्ये फार कमी. आणि अमेरिका जन्मापासून अशी नव्हती. विलिस कॅरिअरने 1902 मध्ये पहिलं मशिन बनवलं ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगांची छपाई जुळायची नाही म्हणून. 1960 च्या जनगणनेत तिथल्या फक्त 12 टक्के घरांत एसी होता. पुढच्या काही दशकांत तो घरोघरी पोचला आणि उन्हाच्या दिवसांत मरणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आलं, अभ्यास करणाऱ्यांनी त्याचं मोठं श्रेय एसीलाच दिलंय.

आता तुमच्या मुलाला एक गोष्ट माझ्याकडून जरूर सांगा. ऑगस्ट 2003 मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली, एकट्या फ्रान्समध्ये सुमारे 15 हजार माणसं गेली, त्या उन्हाळ्यात सगळ्या युरोपात 70 हजारांच्या घरात. गेले ते बहुतेक म्हातारे. पॅरिसच्या इमारतींना वरून जस्ताचे पत्रे असतात, त्या पत्र्याखाली अगदी वरच्या मजल्यावर छोट्या खोल्या असतात, तिथे एकटी राहणारी म्हातारी माणसं, मुलंबाळं सुट्टीवर, आणि रात्रीसुद्धा खोली गार होत नव्हती. जीव घेते ती रात्र! दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री काही तास थंडावा मिळाला तर ते सावरतं, नाही मिळाला तर हृदय थकत जातं. त्यानंतर फ्रान्सने वृद्धाश्रमांत निदान एक गार खोली ठेवायची सक्ती केली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं, पूर्ण इमारत गार करायच्या वादात न पडता एक खोली. तरी 2022 च्या उन्हाळ्यात युरोपात 60 हजारांवर माणसं उष्णतेने गेली. पॅरिसने 2019 मध्ये 42.6 बघितलं, इंग्लंडने 2022 मध्ये 40 ओलांडलं. "इथे गरज नाही" हे मुलाच्या घरमालकाच्या आजोबांच्या काळात खरं होतं, आता नाही.

आणि मुलीला हे सांगा की एसी आहे म्हणून सगळं सुरक्षित असं नसतं. शिकागोत जुलै 1995 मध्ये 700 वर माणसं गेली, त्यातही एकटे राहणारे म्हातारे खूप, कोणाकडे एसी नव्हता, कोणी बिलाच्या भीतीने लावत नव्हतं, कोणी चोरांच्या भीतीने खिडक्या पक्क्या बंद केलेल्या. ॲरिझोनाच्या वाळवंटातलं फिनिक्स ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात येतं, तिथे 2023 मध्ये उष्णतेने 645 मृत्यू झाले, आणि जे घरात गेले त्यातल्या बहुतेकांकडे एसी होता पण बंद पडलेला. घर असं बांधलंय की मशिन थांबलं की राहताच येत नाही, हा त्यांचा खरा धोका. जुन्या अमेरिकन घरांना मोठे व्हरांडे असायचे, आरपार वारं खेळायचं, एसी आला आणि बिल्डरने तो सगळा खर्च वाचवला.

पुढच्या वेळी स्टुटगार्टला गेलात तर एवढं करा. खिडकीच्या बाहेरून खाली येणारं रोलर शटर असेल, आतून पट्टा ओढून चालतं, ते सकाळी ऊन यायच्या आधी पूर्ण खाली घ्या, काच बंद, आणि रात्री बाहेर गार झालं की सगळं उघडून झोपा. आपण उलटं करतो, हवा यावी म्हणून दुपारी खिडक्या उघडतो, आणि 35 ची हवा घरात घेतो. पडदा आतून लावून तेवढा फायदा नाही, ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. आणि मुलाला एक चांगला उभा पंखा घ्यायला लावा, आईवडील येणार म्हटल्यावर एवढं त्याने करायलाच हवं.

प्रश्न: सासरे 78 वर्षांचे, बीपीच्या गोळ्या चालू, आम्ही सिडकोत वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर सरळ गच्ची. एप्रिल-मेत त्यांच्या खोलीत रात्री अकरालासुद्धा भिंतीला हात लावला तर गरम लागते. मी म्हणते त्यांच्या खोलीत एसी लावू. मिस्टर म्हणतात युरोपात एवढे श्रीमंत लोक एसीशिवाय राहतात, आणि नाशिकला कधी एसी लागला होता का? सासरे स्वतः म्हणतात माझ्यासाठी खर्च नको. मी काय करू?
— एक सून, सिडको

उत्तर: लावा. या उन्हाळ्यातच लावा.

तुमच्या मिस्टरांचं नाशिकचं म्हणणं मला कळतं, आपल्याकडे पंखासुद्धा रात्री बंद करून गोधडी घ्यायचे दिवस होते. पण ते नाशिक जुन्या गावठाणातल्या वाड्यांचं होतं. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर माळवद, मधे चौक, गरम हवा चौकातून वर निघून जायची. आता आपण राहतो स्लॅबखाली, जो दिवसभर तव्यासारखा तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. पश्चिमेला मोठ्या काचा, छज्जा वीतभर, समोरचं झाड रस्ता रुंदीकरणात गेलेलं. म्हणजे घर बांधायचं अमेरिकेसारखं, मशिनच्या भरवशावर, आणि ऐकायचं मात्र युरोपचं की मशिन लावू नका. आणि युरोपचं तरी कुठलं? ज्या युरोपाचा दाखला दिला जातो तिथेच 2025 च्या लाटेत फ्रान्सला हजारावर शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि एसी लावायचे की नाही यावर राजकीय पक्ष एकमेकांशी भांडले.

78 व्या वर्षी तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं. उन्हाळ्यात डोस बदलायचा का हे तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, स्वतःहून गोळी बंद करू नका. पारा 40 च्या वर गेला की नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो, त्यावर भरवसा नको. सासरे असंबद्ध बोलायला लागले, अंग तापलंय, तोल जातोय असं दिसलं तर थांबू नका, 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारून वारा घाला.

एसी त्यांच्या एकाच खोलीत, इन्व्हर्टरचा, पाच स्टारचा, 26 वर ठेवायचा आणि सोबत पंखा हळू. 18 वर लावून पांघरूण घ्यायचं हे मला अजिबात पटत नाही, अमेरिकेतली ती सवय आपण उचलायला नको. आपल्याकडे 2020 पासून नवीन एसी सुरू केला की 24 वरच लागतो ते त्यासाठीच, आणि एकेक अंश वर नेला की साधारण 6 टक्के वीज वाचते. लावायच्या आधी गच्चीला पांढरा कोट किंवा निदान चुना मारून घ्या, त्याने एसीचं काम बरंच हलकं होईल. आणि सासऱ्यांना खर्चाचा आकडा सांगूच नका, नाहीतर ते रिमोट लपवतील, शिकागोत बिलाच्या भीतीने बंद ठेवणारे असेच होते. नातवाला दुपारी आजोबांच्या खोलीतच अभ्यासाला बसवा, म्हणजे "मुलासाठी लावलाय" हे कारण तयार आणि त्यांच्याकडे लक्षही राहतं.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे. घरी एसी आहे पण लावताना गिल्टी वाटतं, आपणच पृथ्वी तापवतोय असं. युरोपियन लोकांसारखं सोडून द्यावं का?
— एक विद्यार्थी, इंदिरानगर

उत्तर: अरे, तुझी काळजी खरी आहे, ती सोडू नकोस, फक्त नेमक्या जागी लाव. फ्रान्समधली बरीचशी वीज अणुभट्ट्यांतून येते, तिथे एसी चालवला तर धूर फारसा होत नाही, आपल्याकडे अजून बहुतांश वीज कोळशाची. म्हणजे तुझ्या एसीचं पाप ठरतं विजेवर आणि आतल्या गॅसवर. आर-410ए हा जुना गॅस गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2 हजार पट तापवतो, आर-32 सुमारे 675 पट, आणि आर-290, म्हणजे प्रोपेन, अगदीच कमी. नवीन घेताना गॅस कुठला ते विचार, आणि सर्व्हिसवाला "गॅस भरावा लागेल" म्हणाला तर आधी गळती शोधून बंद करायला लाव, दरवर्षी नुसता गॅस भरत बसणं सगळ्यात वाईट.

आणि नाशिकचा फायदा घे ना! एप्रिल-मेत आपली हवा कोरडी असते, कूलर मस्त चालतो, फक्त समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर खोली दमट होते. जूनला ढग आले की कूलर निकामी, तेव्हा एसी. आपली द्राक्षं शून्य डिग्रीच्या कंटेनरमध्ये युरोपला जातात, मग परीक्षेच्या दिवसांत तू 26 वर दोन तास बसलास तर गिल्टी कशाला?

प्रश्न: मुलगी सप्टेंबरमध्ये शिकायला मिलानला चाललीय, एसीवाली खोली शोधू का?
— एक आई, पाथर्डी फाटा

उत्तर: सप्टेंबरनंतर पुढच्या जूनपर्यंत लागणार नाही, एसीसाठी जादा भाडं देऊ नका. खोली बघताना अगदी वरचा मजला टाळा आणि खिडकीला बाहेरून लाकडी झडपा आहेत का ते तिला व्हिडिओ कॉलवर उघडून दाखवायला सांगा, कधीकधी असतात पण जाम झालेल्या असतात. उन्हाळ्यात ती तिथेच थांबणार असेल तर जूनच्या आधी पंखा घ्यायला सांगा, लाट आली की दुकानातले पंखे आधी संपतात.