स्पेनच्या राजाची सनद आणि वरचा माळ

प्रश्न : आम्ही न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला राहतो. पेकोस नदीकाठच्या एका गावात जुनं मातीचं घर आणि जमीन घेतोय. जमिनीचे दोन तुकडे आहेत. खालचा 4 एकरांचा, नदी आणि पाट यांच्या मधला. वरचा 18 एकरांचा माळ, रस्त्यापलीकडे. इसारा दिलाय, तीन आठवड्यांनी क्लोजिंग, म्हणजे व्यवहार पुरा व्हायचा दिवस, आहे. टायटल कंपनीच्या (मालकीहक्काचा विमा देणाऱ्या कंपनीच्या) कमिटमेंटमध्ये, म्हणजे विम्याच्या आधीच्या हमीपत्रात, वरच्या तुकड्यापुढे लिहिलंय की सॅन मिगेल देल व्हादो ग्रँटच्या, म्हणजे स्पेनच्या राजाच्या जुन्या जमीन-सनदेच्या, वारसांचे हक्क विम्यातून वगळले आहेत. परवा जमीन बघायला गेलो तर शेजारचे आजोबा म्हणाले, "माळ मर्सेदचा आहे. आमची गुरं तिथेच चरतात, माझ्या आजोबांपासून." मर्सेद म्हणजे तीच सनद. माझे मिस्टर म्हणतात, राजाचा दोनशे वर्षांपूर्वीचा कागद आता कोण विचारतो? मला मात्र झोप लागत नाही. व्यवहार मोडावा का?

उत्तर : ताई, व्यवहार मोडू नका. पण वरच्या तुकड्यावर इतक्यात सहीही करू नका. तुमचे मिस्टर अर्धे बरोबर आहेत. राजाचा कागद कुणी विचारणार नाही. विचारतील तो 1897 नंतरचा एक कागद, आणि तुम्ही पाठवलेल्या गठ्ठ्यात मला तो कुठे दिसला नाही.

तो का लागतो हे कळायला थोडं मागे जावं लागेल. नोव्हेंबर 1794 मध्ये लोरेन्सो मार्केस आणि त्याच्याबरोबरच्या 51 जणांनी सांता फेच्या गव्हर्नरकडे, फर्नांदो चाकोनकडे, अर्ज केला. आमची कुटुंबं मोठी, जमीन थोडी, पाणी त्याहून थोडं. पेकोस नदीच्या उताराजवळची पड जमीन आम्हाला द्या, असा. 'व्हादो' म्हणजे नदी ओलांडायचा उतार. अर्जदारांतले 13 जण हेनीसारो होते, म्हणजे स्पॅनिश घरांत वाढलेले, मुळात पळवून किंवा विकत आणलेले मूळनिवासी. गव्हर्नरने जमीन दिली, पण त्यात मेहेरबानीपेक्षा हिशेब जास्त होता. पलीकडे कोमांची या लढाऊ मूळनिवासी जमातीचा मुलूख. सरहद्दीवर माणसं बसली की सैन्याचा खर्च वाचतो. म्हणून अटींमध्ये हत्यारांचीही अट होती : बंदुका नाहीतर धनुष्यबाण बाळगायचे आणि अधिकाऱ्याला दाखवायचे. ताबा देताना अल्काल्दे, म्हणजे तिथला मामलेदार म्हणा, माणसांना हाताला धरून शिवारात नेई. ते गवत उपटत, दगड फेकत, 'राजाचा विजय असो' असं ओरडत. ताबापावती झाली!

आता तुमच्या कामाची अट. ही जमीन अर्ज करणाऱ्यांचीच नव्हती, पुढे येऊन वसणाऱ्यांचीही होती. 1803 मध्ये पेद्रो बाउतिस्ता पिनो नावाचा अधिकारी आला आणि त्याने नदीकाठची भिजणारी जमीन वारांत मोजून पट्ट्या पाडल्या. त्यांचा वार साधारण 33 इंचांचा. एकट्या सॅन मिगेल गावात 58 कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून वाटण्या झाल्या. घराची जागा आणि भिजणारी पट्टी ज्याची त्याची. बाकी माळ, चारा, सरपण, पाणी सगळ्यांचं. तुमचा खालचा तुकडा नकाशात बघा : नदीकडे तोंड अरुंद, आणि मागे लांबच लांब. ती बहुधा अशाच एखाद्या वाटणीची पट्टी आहे. टायटल कंपनीने तिच्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, आणि मीही काढणार नाही.

अडचण आहे ती माळाची. 1821 मध्ये स्पेन गेलं, मेक्सिको आलं. 1846 मध्ये अमेरिकेचं सैन्य सांता फेत शिरलं आणि 2 फेब्रुवारी 1848 ला ग्वादालुपे हिदाल्गोचा तह झाला. तहाच्या आठव्या कलमात मेक्सिकन लोकांच्या मालमत्तेचा मान राखण्याचं वचन आहे. दहावं कलम खास या जमीन-सनदांबद्दल होतं, ते अमेरिकी सिनेटने गाळलं. कुठली सनद खरी, हे ठरवण्याचं काम 1854 पासून सर्व्हेयर जनरलकडे होतं. त्याने शिफारस करायची, काँग्रेसने मंजुरी द्यायची. कामाला वेग नव्हता. मधल्या काळात सांता फेच्या वकिलांनी सनदा मिळवून देण्याची फी जमिनीतच घेतली आणि मोठमोठे जमीनदार झाले. (आमच्या व्यवसायाचा हा इतिहास मला फारसा सांगावासा वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय तुम्हाला शेजारच्या आजोबांचा सूर कळणार नाही.) शेवटी 1891 मध्ये यासाठी एक खास न्यायालय नेमलं.

त्या न्यायालयाने सॅन मिगेलची सनद आधी पूर्ण मान्य केली होती, साधारण 3 लाख 15 हजार एकरांची. सरकार अपिलात गेलं. 1897 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, युनायटेड स्टेट्स विरुद्ध सांदोवाल या खटल्यात, निकाल फिरवला. न्यायालयाचं म्हणणं असं : ज्या पट्ट्या वाटल्या गेल्या त्या लोकांच्या. न वाटलेला माळ स्पेनच्या कायद्यानुसार राजाचाच राहिला होता. राजाकडून तो मेक्सिकोकडे गेला, मेक्सिकोकडून अमेरिकेकडे. गावाला त्याचा फक्त वापर होता. निकालानंतर गावाच्या हाती साधारण 5 हजार एकर राहिले.

इथले लोक हा निकाल अजून दरोड्यासारखा सांगतात. आपल्याला तो तितका परका वाटणार नाही. आपल्याकडे गायरान गावाचं म्हणतात, पण महसूल संहितेप्रमाणे मालकी सरकारची आणि गावाला गुरं चारायची मुभा. फरक इतकाच की आपल्याकडे गायरान निदान गायरान म्हणून नोंदलेलं तरी असतं. इथे माळ थेट सरकारी पड झाला. त्यातला काही होमस्टेडसाठी, म्हणजे येऊन वसणाऱ्याला सरकारी जमीन देण्याच्या योजनेसाठी, खुला झाला, काही वनखात्याकडे गेला.

म्हणून तुमचा प्रश्न 'वारस येऊन जमीन काढून घेतील का' हा नाही. माळ 1897 च्या निकालाने सरकारकडे गेला असेल तर वारसांचा त्यावर कायदेशीर हक्क उरला नाही, निदान मालकीचा तरी नाही. प्रश्न हा आहे की सरकारकडून तो तुमच्या विक्रेत्याकडे आला कसा. तुमच्याकडचा सगळ्यात जुना कागद 1952 चं क्विटक्लेम डीड आहे. त्याचा अर्थ : 'माझा काही हक्क असलाच, तर तो तुला दिला.' हक्क आहे असं त्यात कुणीही म्हटलेलं नाही. त्यावर पुढचे चार व्यवहार झाले, प्रत्येकाने कर भरला, आणि आता सगळ्यांना वाटतं की कर भरला म्हणजे मालकी झाली. सातबाऱ्यावर नाव लागलं की मालक झालो, हा आपल्याकडचा समज आठवतो ना? तसंच हे.

1952 च्या आधी काय असू शकतं? कुणीतरी होमस्टेड करून अमेरिकी सरकारकडून पेटंट, म्हणजे सरकारी जमिनीचं पहिलं मालकीपत्र, घेतलं असेल, तर उत्तम. तो कागद सापडला की सॅन मिगेलच्या वारसांचं कलम काढून टाका असं आपण टायटल कंपनीला ठणकावून सांगू शकतो. एक मात्र बघा. 1916 च्या स्टॉक-रेझिंग होमस्टेड कायद्याखालचं पेटंट असेल, तर जमिनीखालची खनिजं सरकारने स्वतःकडे ठेवलेली असतात. घर बांधायला सहसा अडत नाही, पण सही करण्याआधी माहीत हवं. 1891 च्याच कायद्यात, वीस वर्षं जमीन कसणाऱ्या छोट्या कब्जेदारांसाठीही एक तरतूद होती. तसा कागद निघाला तरी चालेल.

दुसरी शक्यता : माळ त्या 5 हजार एकरांच्या आत आहे आणि ग्रँटचा कारभार बघणाऱ्या समितीने तो कधीतरी विकलाय. मग समितीचा ठराव आणि जिल्हा न्यायालयाची मंजुरी दाखवा म्हणावं. ग्रँटच्या समितीला गावातली भजनी मंडळी समजू नका. 2004 च्या कायद्याने न्यू मेक्सिकोतल्या अशा सामाईक ग्रँटना राज्याच्या राजकीय उपविभागाचा दर्जा आहे, आपल्या ग्रामपंचायतीसारखा. त्यांची सामाईक जमीन खाजगी डीडने हातोहात विकता येत नाही.

तिसरी शक्यता वाईट आहे : कसलंच पेटंट नाही. मग माळ अजून अमेरिकी सरकारचा आहे आणि सत्तर वर्षं लोक सरकारची जमीन एकमेकांना विकत आलेत. न्यू मेक्सिकोत दहा वर्षं सद्भावनेने, डीडच्या आधारावर, कर भरून ताबा ठेवला तर मालकी मिळू शकते, पण खाजगी मालकाविरुद्ध. सरकारविरुद्ध हे चालत नाही. या गुंत्यासाठी 1928 चा कलर ऑफ टायटल कायदा आहे. सद्भावनेने वीस वर्षांहून जास्त ताबा असेल आणि जमीन कसलेली किंवा सुधारलेली असेल, तर 160 एकरांपर्यंत जमीन सरकारकडून रीतसर घेता येते. पण तो अर्ज तुमच्या विक्रेत्याने करायचा आहे, तुम्ही नाही. आणि त्याला तीन आठवडे पुरणार नाहीत.

हे शोधायचं कसं? ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर जुनी पेटंटं फुकट बघायला मिळतात, पण टाउनशिप, रेंज आणि सेक्शन, म्हणजे सरकारी मोजणीतला पत्ता, नाहीतर पेटंट घेणाऱ्याचं नाव माहीत असेल तर. तुमच्या डीडमध्ये तो पत्ता नाही. तिथे नुसती चतुःसीमा आहे : पूर्वेला रस्ता, पश्चिमेला कड्याची धार, उत्तरेला अमक्याची जमीन. सरकारी मोजणीतून आलेल्या तुकड्याचं वर्णन असं नसतं, म्हणूनच मला शंका आली. परवानाधारक सर्व्हेयरकडून तुकडा सरकारी मोजणीशी जुळवून घ्या. पैसे जातील, जाऊ द्या. खर्च विक्रेत्याने करावा असं आपण पत्रात लिहू. तो नाही म्हणाला तर त्यातूनही काही कळेल.

आता आजोबांची गुरं. मालकी वेगळी, वहिवाट वेगळी. दहा वर्षं उघडपणे, परवानगी न घेता वाट वापरली असेल, तर वाटेचा हक्क न्यू मेक्सिकोत मिळू शकतो. चराईचा मिळणं खूप अवघड आहे, पण अशक्य म्हणून सोडून देऊ नका. शेजारच्या कोलोरॅडोत सॅन लुईसजवळ जॅक टेलर नावाच्या लाकूडव्यापाऱ्याने 1960 मध्ये सांग्रे दे क्रिस्तो ग्रँटचा साधारण 77 हजार एकरांचा डोंगर घेतला, कुंपण घातलं आणि गावाचा वापर बंद केला. मालकी पक्की करायला फेडरल कोर्टातही गेला. पुढे 1981 मध्ये गावकऱ्यांनी दावा लावला आणि 2002 मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने चराई, सरपण आणि इमारती लाकूड यांचे हक्क मान्य केले. शिकार आणि मासेमारीचे नाही. त्यांचा आधार तह नव्हता. 1863 मध्ये तिथला जुना मालक कार्लोस बोबियां याने गावकऱ्यांना लिहून दिलेला कागद होता, शिवाय पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर. तो निकाल न्यू मेक्सिकोवर बंधनकारक नाही. पण टेलरच्या फेडरल कोर्टातल्या त्या जुन्या दाव्याचं काय झालं ते लक्षात ठेवा : अनेक गावकऱ्यांना नीट नोटीस गेली नव्हती, म्हणून चाळीस वर्षांनी तो निकाल त्यांच्याविरुद्ध टिकला नाही. तुमचा विक्रेता क्वाएट टायटलचा, म्हणजे कोर्टाकडून मालकी पक्की करून घेण्याचा, दावा लावतो म्हणाला, तर आजोबांचं आणि समितीचं नाव प्रतिवादींत घालायला सांगा. फक्त पेपरात 'अज्ञात वारस' म्हणून छापून मोकळं होऊ देऊ नका.

आणि हो, न्यू मेक्सिकोत गुरं तुमच्या जमिनीत शिरली तर कुंपण घालायची जबाबदारी सर्वसाधारणपणे तुमची, गुरांच्या मालकाची नव्हे. आपल्याकडे कोंडवाडा होता. इथे नियम उलटा आहे. उद्या रागाने पोलिसांना फोन करण्याआधी हे आठवा.

खालच्या तुकड्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, आणि पुढची पंधरा वर्षं तुमचे दिवस जाणार आहेत ते तिथल्या पाटात. ती असेकिया, म्हणजे सामाईक पाट, आहे. घर घेतलंत की तुम्ही तिच्या पार्सियांते, म्हणजे पाटाच्या भागीदार झालात. वर्षाची पट्टी भरायची आणि वसंतात गाळ काढायच्या दिवशी स्वतः फावडं घेऊन जायचं, नाहीतर गडी पाठवायचा. पाणी कधी सोडायचं ते मायोर्दोमो, म्हणजे पाटाचा कारभारी, ठरवतो. धुळ्याकडच्या फड पद्धतीत पाटकरी ठरवतो तसं. पाटाच्या काठावर पाच वर्षं सलग वहिवाट असेल तर ती असेकियाची धरली जाते, मग तुमच्या डीडमध्ये तिचा उल्लेख असो वा नसो. काठावर गॅरेज बांधायचा बेत आहे असं पत्रात लिहिलंयत, तो सोडा. आणि पाण्याचा हक्क डीडमध्ये स्वतंत्रपणे लिहिलाय का ते बघा. इथे तो जमिनीपासून वेगळा विकता येतो, आणि पूर्वीच्या मालकाने विकलेला असू शकतो.

तर असं करा. एजंटला आजच लेखी कळवा की कमिटमेंटमधल्या त्या कलमाला तुमची हरकत आहे. करारात हरकतीची मुदत दिलेली असते. ती चुकली तर इसारा अडकतो. दोन्ही तुकड्यांचे व्यवहार वेगळे करा : खालचा ठरल्या दिवशी, वरचा पेटंट किंवा न्यायालयाचा निकाल हातात आल्यावर. विक्रेता दोन्ही एकदमच म्हणून अडून बसला, तर वरच्या तुकड्याची किंमत माळाची नाही, खटल्याची धरा. ती बहुतेक वेळा शून्याच्या जवळ असते.

आणि पुढच्या शनिवारी आजोबांकडे जा. वकील घेऊन नको, मिस्टरांना घेऊन जा. माळावर गुरं कुणाची, वाट कुठून जाते, आजवर कधी कुणाची परवानगी मागितली होती का, हे शांतपणे विचारा आणि घरी आल्यावर तारीख घालून लिहून ठेवा. 1952 ला सही करणारा माणूस कोण होता, तेही त्यांना ठाऊक असेल. त्याचं पूर्ण नाव मला कळवा. सांता फेच्या अभिलेखागारात शोधायला मला तेवढंच पुरे आहे.